पुणे आणि कॅलिफोर्निया अशा विभागलेल्या टीममध्ये रोज रात्री कॉल होऊनही कामे का अडकतात?

आपण विचारले आहे की, टीममधले निम्मे लोक पुण्यात आणि निम्मे कॅलिफोर्नियात आहेत, रोज रात्री तासभर कॉल होतो, तरीही एकेक पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल तपासून स्वीकारण्याची विनंती) चार-चार दिवस पडून राहते. तर मग सकाळीही एक कॉल ठेवावा का? अशाच टीममध्ये बरीच वर्षे काढल्यानंतर मी तरी म्हणेन की ठेवू नये, कारण काम अडते ते बोलणे कमी पडल्यामुळे नव्हे, तर लिहिलेले अपुरे असल्यामुळे.

तिकडचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तास मागे असते. त्यामुळे त्यांच्या शंकेला आपण सकाळी उत्तर दिले, तरी ते त्यांच्या वाचनात येईपर्यंत आपली रात्र झालेली असते आणि एका प्रश्नापायी एक दिवस जातो. शिवाय आपली सोमवारची सकाळ म्हणजे त्यांची रविवारची रात्र, आणि त्यांची शुक्रवारची दुपार म्हणजे आपली शनिवारची पहाट, हे लक्षात घेतले तर आठवड्यात हाताशी जेमतेम चार दिवस उरतात.

माझ्याच एका चुकीचे उदाहरण देतो. एका पुल रिक्वेस्टच्या वर्णनात मी ‘टाइमआउट (उत्तराची वाट पाहण्याची मर्यादा) वाढवला’ एवढेच लिहिले होते. पहिल्या रात्री विचारणा आली की का वाढवला, दुसऱ्या रात्री आली की ३० सेकंदच का, आणि तिसऱ्या रात्री आली की मग रिट्राय (पुन्हा प्रयत्न) किती वेळा होणार. तिन्ही प्रश्न रास्त होते आणि तिन्हींची उत्तरे मला पहिल्याच दिवशी ठाऊक होती. पण मंगळवारी टाकलेला तो एका ओळीचा बदल पुढच्या सोमवारी मर्ज झाला, म्हणजे मुख्य कोडमध्ये गेला. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवणाऱ्याने आधी समस्या नीट मांडावी अशी अपेक्षा असते, ती का, हे मला त्या आठवड्यात कळले. आता मी काय बिघडले, कोणते पर्याय सोडून दिले आणि का, हे आधीच लिहितो आणि शेवटी ‘हरकत नसल्यास उद्या सकाळी हाच पर्याय धरून पुढे जातो’ असे जोडतो. या शेवटच्या वाक्याने माझे जितके दिवस वाचले, तितके कोणत्याही टूलने वाचवलेले नाहीत.

संध्याकाळी काम तिकडे सोपवतानाही हेच लागू पडते. ‘टेस्ट फेल होते आहे, बघाल का?’ हा निरोप वाचून समोरच्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. त्याऐवजी, ‘पेमेंटची इंटिग्रेशन टेस्ट तिसऱ्या पायरीवर पडते, लॉगची लिंक खाली आहे, कॅशे रिकामी करून पाहिली, फरक पडला नाही, संशय कालच्या स्कीमाबदलावर आहे, तो काढलेली ब्रँच पुश केली आहे, ती चालवून पाहावी’ असे लिहायला दहा मिनिटे लागतात. अर्धवट कोड स्वतःच्या लॅपटॉपवर ठेवून झोपायला जाणे मात्र अक्षम्य समजावे.

वेळ लिहिताना तारीख आणि टाइमझोन दोन्ही द्यावेत. कोडमधल्या बदलांचा हिशेब ठेवणारे गिट प्रत्येक कमिटसोबत (नोंदवलेल्या बदलासोबत) +०५३०, म्हणजे भारतीय वेळ, अशी नोंद इमानाने ठेवते. आपण माणसे मात्र ‘शुक्रवारी रात्री बाराला डिप्लॉय’ (म्हणजे नवा कोड प्रत्यक्ष वापरात आणणे) असे लिहून मोकळे होतो आणि ती बाराची वेळ शुक्रवार सुरू होतानाची की संपतानाची, हे दोन्हीकडचे लोक आपापल्या परीने ठरवतात. कॉलचे आमंत्रण त्यांच्या सकाळी आठला बांधलेले असेल, तर आपल्याकडे उन्हाळ्यात साडेआठला होणारा कॉल नोव्हेंबरपासून साडेनऊला, म्हणजे मुले झोपवण्याच्या वेळेला येतो. ही गैरसोय कायम पुण्यानेच का सोसावी, हे मॅनेजरला विचारण्यात गैर काही नाही. आमच्याकडे विचारल्यावर एक महिना त्यांची सोय आणि एक महिना आमची, असे ठरले.

कॉल पूर्णपणे बंद करावेत असे माझे म्हणणे नाही. डिझाइनवर खरा मतभेद असेल किंवा कोणी नवीन आले असेल, तर पंधरा मिनिटे प्रत्यक्ष बोलण्याला पर्याय नाही. आम्ही आठवड्यातून दोन कॉल ठेवले आहेत आणि प्रत्येक कॉलनंतर पुण्यातला एक जण झोपण्यापूर्वी झालेले निर्णय त्या-त्या कामाच्या तिकिटावर (नोंदीवर) लिहून ठेवतो.