गोळीची ‘शक्ती’, ‘ऊर्जा’ की ‘दणका’?

कोल्हापुरातल्या एका वाचकांनी घरातलं भांडण शब्दचर्चेसाठी पाठवलंय. त्यांची भाची पिस्तूल नेमबाजी शिकते आणि वडील, म्हणजे तिचे आजोबा, लष्करातून निवृत्त झालेत. नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटावर कुणीतरी मजकूर टाकला: ‘९ मिमी पिस्तुलाच्या गोळीची आघात शक्ती ४९० ज्यूल, .४५ च्या गोळीची ४७७ ज्यूल.’ (९ मिमी आणि .४५ इंच ही गोळीच्या जाडीची मापं.) भाची म्हणाली, शक्ती नव्हे, ऊर्जा. आजोबा म्हणाले, ‘शक्ती म्हण न्हाईतर ऊर्जा म्हण, आकडाच खोटा हाय. मी दोन्ही झाडल्यात. पंचेचाळीसचा दणका जास्त असतोय.’ तिनं वहीत गणित मांडून दाखवलं, त्यांनी वहीकडं बघितलंसुद्धा नाही. प्रश्न असा आहे की ‘शक्ती’, ‘ऊर्जा’, ‘दणका’ यांतला बरोबर शब्द कुठला, आणि दोघांत खरं कोण.

शब्दापुरतं भाचीचं बरोबर. आकड्यापुढं ज्यूल आला की ती ऊर्जाच. पण आजोबांचा दणकाही खोटा नाही. ते दुसऱ्याच राशीबद्दल बोलतायत, आणि त्या राशीचं नाव मजकुरात कुठंच नाही.

आधी ‘शक्ती’चं बघू, कारण वर्तमानपत्रांतही ही गल्लत रोज असते. बोलताना आपण शक्ती, ताकद, जोर, बळ हे शब्द एकमेकांच्या जागी खुशाल वापरतो. ‘तापानं अंगात शक्ती राहिली नाही’ म्हणताना कुणी वॅट मोजत नाही, आणि मोजूही नयेत. विज्ञानाच्या पुस्तकांनी मात्र या शब्दांची वाटणी करून टाकली: बल न्यूटनमध्ये, ऊर्जा ज्यूलमध्ये, शक्ती वॅटमध्ये. लक्षात ठेवायचं असेल तर विहिरीवरची मोटर आठवा. ‘पाच अश्वशक्तीचा पंप’ यातली शक्ती तीच.

फरक डोळ्यांनी बघायचा तर मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला जा. तीस किलोचा रवा, म्हणजे गुळाची ढेप, जमिनीवरून उचलून हमाल डोक्यावर घेतो. उंची धरा साडेपाच फूट. तीस किलो, गुरुत्वाकर्षणाचे ९.८ आणि १.६७ मीटर यांचा गुणाकार येतो ४९०. म्हणजे ज्या ४९० ज्यूलवरून तुमच्या घरी वाद झाला, तेवढी ऊर्जा तो गडी एका रव्याला देतो, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला, आणि मधे तंबाखू मळायला थांबतो. ऊर्जा तेवढीच, मग गोळी जीव का घेते आणि रवा का नाही? हमाल त्या कामाला दोन सेकंद घेतो, म्हणजे त्याची शक्ती झाली २४५ वॅट. गोळीला तीच ऊर्जा दहा सेंटीमीटरच्या नळीत, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत मिळते. ढोबळ हिशेब केला तर सरासरी साडेआठशे किलोवॅट. आणि त्या दहा सेंटीमीटरमध्ये तिच्या बुडाला सरासरी ४९०० न्यूटनचं बल रेटत असतं, म्हणजे अर्ध्या टनाचं ओझं. समोर लागल्यावर ती थांबते तीही तशीच, क्षणात आणि नखाएवढ्या जागेवर. ‘शक्ती’ लिहायचीच असेल तर ती इथं लिहावी आणि पुढं वॅट लावावा.

‘ऊर्जा’ हा शब्द मला मनापासून आवडतो. संस्कृतात ‘ऊर्ज्’ म्हणजे बळ, रस, पोषण. कार्तिक महिन्याचं जुनं नाव ‘ऊर्ज’ आहे. बंदुकीच्या गोळीला हे नाव लावताना जरा अवघडल्यासारखं होतं, पण परिभाषेला असल्या संकोचाचं काही नसतं.

आता दणका. दण्ण असा आवाज होतो तिथून हा शब्द निघाला, आणि आवाज, धक्का, परिणाम हे सगळं त्यानं एका मोटेत बांधून घेतलंय. लग्न दणक्यात होतं, माणूस दणकट असतो, पाऊस दणकून पडतो, आणि पिस्तूल झाडलं की दणका बसतो तो स्वतःच्याच मनगटाला. आजोबांना .४५ ची आठवण आहे ती लक्ष्याची नव्हे, मनगटाची. तो दणका ऊर्जेनं मोजत नाहीत, संवेगानं मोजतात. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याचं अर्धं.

९ मिमीची नेहमीची गोळी ८ ग्रॅमची, सेकंदाला साधारण ३५० मीटर जाणारी. .४५ ची १४.९ ग्रॅमची, पण संथ, २५३ मीटरची. वेगाचा वर्ग होतो म्हणून हलकी-चपळ गोळी ऊर्जेत भारी गोळीला गाठते, थोडी पुढंही जाते. म्हणून ४९० आणि ४७७. संवेगात वर्गाची ही सवलत नाही. तिथं ९ मिमीचे २.८ आणि .४५ चे ३.७७, म्हणजे तिसऱ्या हिश्श्यानं जास्त. वहीतलं गणित बरोबर होतं आणि मनगटाची आठवणही. आजोबांनी आकडा खोटा म्हटलं तेवढंच चुकलं.

‘संवेग’ परीक्षेत लिहायला ठीक आहे, घरात बोलायला नाही. माझ्या मते त्याच्या सगळ्यांत जवळचा बोलीतला शब्द ‘रेटा’. अंबाबाईच्या देवळात नवरात्रात गर्दीचा रेटा येतो तेव्हा कुणी कुणाला मारत नसतं, तरी माणूस जागचा हलतो. रेटा हलवतो. ऊर्जा फोडते, फाडते, तापवते. शास्त्रात हा शब्द घ्या असं मी म्हणत नाही, पण समजावून सांगताना वापरून बघा.

आणि रेट्याची गंमत अशी की तो दोन्हीकडं सारखा असतो. एक किलोच्या पिस्तुलातून ९ मिमीची गोळी सुटली की जळालेल्या दारूच्या वायूचा भाग सोडला तर पिस्तूल सेकंदाला २.८ मीटरनं मागं येतं. गोळीचा रेटा आणि पिस्तुलाचा रेटा तेवढाच. ऊर्जा बघाल तर पिस्तुलाकडं चार ज्यूलसुद्धा नाहीत आणि गोळीकडं ४९०. सव्वाशे पट. झाडणाऱ्याचं मनगट शाबूत राहतं ते म्हणूनच. कोल्हापूरनं सिनेमाला पुष्कळ दिलं, पण गोळी लागून माणूस उडून काचेबाहेर पडतो ही सिनेमाची थाप आहे. सत्तर किलोच्या माणसाला तेवढा रेटा फार तर सेकंदाला चार सेंटीमीटरचा वेग देईल. त्यानं माणूस उडाला असता तर झाडणाराही उलट्या बाजूनं उडाला असता.

तुमच्या घरातला वाद तसा जुनाच आहे. गतीचं खरं माप वेगात की वेगाच्या वर्गात, यावर युरोपातले विद्वान कित्येक वर्षं भांडले. १६८६ मध्ये लायब्निट्सनं वर्गाची बाजू घेतली. १७२२ च्या सुमारास हॉलंडच्या ग्राव्हेझांडेनं पितळी गोळे उंचावरून मऊ मातीत टाकले: वेग दुप्पट, तर खळगा चौपट. तेव्हा ‘ऊर्जा’ या अर्थाचा शब्दही रुळलेला नव्हता. थॉमस यंगनं ‘एनर्जी’ हा शब्द या अर्थानं छापला तो १८०७ मध्ये. म्हणजे एकाच नावाखाली दोन राशी धरून भांडणं चालली होती, तुमच्या गटावर चाललं तशीच.

मजकुरात अजून एक खोट आहे, ती भाचीच्याही नजरेतून सुटली. हे आकडे गोळी नळीच्या तोंडातून निघते तेव्हाचे आहेत. त्याला ‘आघात’ म्हणता येत नाही, कारण आघात अजून व्हायचाय. मराठीत गोळी आधी सुटते, मग लागते. दोन क्रियापदं हाताशी आहेत तर परिभाषाही त्यांच्यावरच उभी करावी: सुटतानाची ऊर्जा आणि लागतानाची ऊर्जा. मधल्या वाटेत हवा आपला हिस्सा काढून घेते. समजा पन्नास मीटरवर ३५० चा वेग ३२० झाला. वेग नऊ टक्क्यांनीही घटला नाही, पण ऊर्जा ४९० वरून ४१० वर, म्हणजे सोळा टक्क्यांनी खाली. वर्ग जसा देतो तसा काढूनही घेतो. पुढं गोळी चाटून गेली की आरपार गेली की आत बसली यावर त्या ४१० पैकी किती तिथं खर्च झाली हे ठरतं. आरपार गेलेली गोळी उरलेली ऊर्जा पुढं घेऊन जाते.

सुटतानाची ऊर्जा कायद्यालाही लागते. २०१६ च्या शस्त्र नियमांत एअर गनसाठी २० ज्यूलची रेषा आहे, ती नळीच्या तोंडाशी मोजायची. नेमबाजीतल्या एअर पिस्तुलाचा अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला दीडशे मीटरनं निघाला तरी साडेपाच-सहा ज्यूलच होतात. आपल्या राही सरनोबतनं २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण घेतलं, त्या प्रकारात .२२ ची गोळी असते. २.६ ग्रॅम आणि २६० मीटर धरले तर ८८ ज्यूल. कागदाला भोक पाडायला तेवढी पुष्कळ झाली. भाचीनं आकड्यांच्या मागं लागण्याआधी नेम बघावा, असं आजोबा म्हणणारच.

गणित करताना वजन गोळीचं घ्यायचं, काडतुसाचं नाही. बातमीत ‘दोन जिवंत काडतुसं’ आणि ‘चार रिकाम्या पुंगळ्या’ असतात. पुंगळी मागंच पडते, उडते ती फक्त गोळी. ९ मिमीचं अख्खं काडतूस बारा ग्रॅमच्या आसपास भरतं. ते सूत्रात घातलं की ४९० चे ७३५ होतात, आणि असे फुगलेले आकडे मी छापलेले बघितलेत.

लिहिण्याबद्दल थोडं. ‘उर्जा’ नाही, ‘ऊर्जा’. पहिला ऊ दीर्घ. ‘गतीज’ नाही, ‘गतिज’. ‘गतिज ऊर्जा’ हे विशेषण आणि नाम, म्हणून सुटं. ‘आघातऊर्जा’ हा समास, म्हणून जोडून. संधी करून ‘आघातोर्जा’ होईल, व्याकरणाला धरूनही होईल, पण असा शब्द तोंडातून काढणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. ‘पिस्तूल’मधला ऊ दीर्घ, पण ‘पिस्तुलाची’ म्हणताना ऱ्हस्व होतो, तो मजकुरात बरोबर आहे हे मान्य करायला हवं. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर दोन्हींना मिळून एक शब्द हवा असेल तर ‘हातबंदूक’ वगैरे घडवू नका. ‘पिस्तूल-रिव्हॉल्व्हर’ म्हटलं की काम होतं.

आजोबांसाठी एक. काडतुसांच्या खोक्यावर गोळीचं वजन बहुधा ‘ग्रेन’मध्ये दिलेलं असतं: ९ मिमीला १२४, .४५ ला २३०. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा, आपल्या गुंजेसारखंच माप. इंग्रजी अमदानीत तोळा ठरवला गेला तो १८० ग्रेनचा. आजचा दहा ग्रॅमचा तोळा बाजूला ठेवून गुजरीतल्या एखाद्या सराफाच्या जुन्या तराजूत टाकली, तर ९ मिमीची गोळी पाऊण तोळ्याला थोडी कमी भरेल आणि पंचेचाळीसची सव्वा तोळ्याला थोडी जास्त.