चाकात धावून मांस भाजणारी कुत्र्यांची एक छोटी जात इंग्लंडमध्ये खरंच होती का? ती दिसायची कशी आणि गेली कुठे?

हो, होती. तिला टर्नस्पिट म्हणत, म्हणजे सळई फिरवणारा. त्या जातीचा एक कुत्रा मी स्वतः पाहिला आहे, पेंढा भरलेला. वेल्समध्ये ॲबरगेव्हनी नावाचं गाव आहे, तिथल्या पडक्या किल्ल्याच्या आवारात एक लहानसं संग्रहालय आहे. माझी धाकटी बहीण कार्डिफला असते. तिच्याकडे गेलो होतो तेव्हा एक अख्खा दिवस राखून आगगाडीने तिथे जाऊन आलो, केवळ या कुत्र्यासाठी. मी पशुवैद्य आहे आणि या जातीचं नाव कॉलेजात असताना कुठेतरी वाचल्यापासून डोक्यात बसलेलं होतं.

काचेआड तो उभा आहे. नाव व्हिस्की. या जातीचा एवढा एकच देह आज जगात शिल्लक आहे असं मानतात. पाठ लांब, पाय आखूड, अंग पिंगट. मी बराच वेळ त्याच्या पुढच्या पायांकडे बघत होतो. आपल्याकडे शहरांतून डॅशहुंड पुष्कळ पाळतात, त्यामुळे हे पाय मी रोज हातात धरतो: कोपर छातीला चिकटलेलं, तिथून खाली येताना हाड आत वळतं आणि पंजा पुन्हा बाहेर फाकतो. व्हिस्कीचे पाय मला त्याच घडणीचे वाटले. डॅशहुंड, कॉर्गी, बॅसेट या सगळ्या बुटक्या जातींच्या आखूड पायांमागे एकच कारण आहे. एफजीएफ-४ नावाच्या जनुकाची एक जादा प्रत त्यांच्या गुणसूत्रात शिरलेली असते आणि तिच्यामुळे पायाची लांब हाडं वाढता वाढता लवकर थांबतात. हे २००९ साली उजेडात आलं. पण या जनुकाचं नावगावही माहीत नसताना माणसाने शेकडो वर्षं असे पाय हेरले, निवडले आणि कामाला लावले. टर्नस्पिटला ते चाकासाठी हवे होते. उंच पायांचा कुत्रा त्या चाकात मावलाच नसता.

चाकाचं काम समजून घ्यायचं तर आधी तिथली चूल डोळ्यांपुढे आणा. आपल्यासारखी तीन दगडांची किंवा मातीची नव्हे. भिंतीत माणूस उभा राहील एवढा कोनाडा, त्यात लाकडांचा जाळ आणि जाळासमोर आडवी लोखंडी सळई. सळईत गाईच्या किंवा मेंढीच्या मांसाचा मोठा तुकडा ओवलेला. तो भट्टीत कोंडून नव्हे, उघड्या जाळासमोर फिरवत भाजायचा, तासन्‌तास. फिरवणं थांबलं की एक बाजू करपली आणि दुसरी कच्ची राहिली.

आधी हे काम पोरं करत. जाळाची धग चेहऱ्याला लागू नये म्हणून ओल्या गवताच्या पेंढीआड बसायचं आणि हाताने सळई फिरवत राहायचं. आठव्या हेन्रीच्या दरबाराचे १५२६ सालचे नियम आहेत. त्यांत मुदपाकखान्यातल्या पोऱ्यांनी नागडं किंवा घाणेरड्या चिंध्यांत वावरू नये आणि त्यांच्या कपड्यांसाठी मुख्य आचाऱ्यांना पैसे द्यावेत असं कलम आहे. नियम करावा लागला, यावरूनच तिथे काय चित्र असेल ते कळतं. कुत्रा आला तो या पोरांच्या जागी.

चुलीजवळच्या भिंतीवर, माणसाच्या डोक्याच्या उंचीला, लाकडी चाक बसवलेलं असे. आतून पोकळ, उंदराच्या पिंजऱ्यातल्या चाकासारखं, पण अडीच-तीन फुटांचं. चाकाच्या आसावरून दोर किंवा साखळी सळईच्या टोकाच्या कप्पीपर्यंत जायची. कुत्र्याला उचलून चाकात ठेवलं की तो चालू लागायचा, त्याच्या वजनाने चाक फिरायचं आणि चाकाबरोबर सळई. चाक इतकं उंच लावायचं ते धग थेट लागून कुत्रा गळून जाऊ नये म्हणून. तरी उष्णता वरच चढते. त्यात मांसाचा वास सतत नाकात, आणि मांस पुढ्यात असून तोंडाला लागत नाही. चाल मंदावली तर आचारी चाकात निखारा टाकत असल्याचंही वर्णन आहे. आपण कुणाला घाण्याचा बैल म्हणतो तेव्हा ती उपमा असते. ह्या कुत्र्यांच्या बाबतीत ते अक्षरशः खरं होतं. बैलाला निदान पायाखाली जमीन असते.

मोठ्या घरांत आणि खाणावळींत दोन कुत्री ठेवत, आळीपाळीने जुंपायला. आपली पाळी कुठली हे त्यांना बरोबर कळायचं, असं त्या काळातल्या बऱ्याच जणांनी लिहून ठेवलंय. पाळी नसलेल्याला धरायला गेलं तर तो गुरगुरायचा, पळायचा, आणि ज्याची पाळी आहे त्याला हुडकून काढायचा. मला यात काही नवल वाटत नाही. रोज ठरलेल्या वेळी ठरलेलं काम करणाऱ्या जनावराला वार आणि वेळ दोन्ही समजतात. दूध घालायला जाणारा बैल दारं चुकत नाही, हे आमच्या भागात कुणीही सांगेल.

आता दिसण्याबद्दल. सगळ्या वर्णनांतून काही गोष्टी पुन्हा पुन्हा येतात: लांब धड, वाकडे आखूड पाय, धडाच्या मानाने मोठं डोकं, लोंबते कान. रंग ठरावीक नव्हता. काळा, करडा, तांबूस, ठिपक्यांचा, कसाही असे. काहींच्या कपाळापासून नाकापर्यंत पांढरा पट्टा, आणि बऱ्याच जणांचे दोन डोळे दोन रंगांचे, एक गडद आणि एक पांढुरका. असा डोळा असलेली कुत्री आजही दवाखान्यात येतात आणि मालक घाबरून विचारतात, ‘डॉक्टर, मोतीबिंदू तर नाही ना?’ बहुतेक वेळा नसतो. बुबुळाच्या पडद्यात रंगद्रव्य कमी असतं, एवढंच.

स्वभावाबद्दल मात्र कुणी चांगलं लिहिलेलं नाही. एडवर्ड जेसी नावाच्या निसर्गलेखकाने लहानपणी एका वेल्श पाद्र्याच्या घरी टर्नस्पिट पाहिली होती. त्याला आठवत होती ती कुरूप, दुःखी आणि संशयी नजरेची कुत्री, आता कुठल्याही क्षणी कुणीतरी धरून कामाला लावील अशा धास्तीत असलेली. लोकांना हा जातीचा स्वभाव वाटला. मी वीस वर्षं कुत्री तपासतोय. मला हे वर्णन रोज न विचारता उचलून नेल्या जाणाऱ्या कुठल्याही प्राण्याचं वाटतं. पिंजऱ्यातून धरून आणलेलं कुत्रं तपासणीच्या टेबलावर कोपऱ्यात सरकून असंच बघतं.

रविवारी या कुत्र्यांना चर्चमध्येही नेत, गारठ्यात पाय शेकायला पायाशी ऊबदार काहीतरी असावं म्हणून. बाथ शहरातली एक गोष्ट सांगतात. तिथे बिशप बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या दृष्टांतावर प्रवचन देत होते. त्या दृष्टांतात चाकं आहेत. प्रवचनाच्या भरात त्यांनी ‘चाक’ हा शब्द मोठ्याने उच्चारला आणि चर्चमधली सगळी टर्नस्पिट शेपट्या पायांत घालून दाराकडे धावली. घडलं असेल किंवा रचलेलं असेल, पण हे कुत्रं घरात कसं जगत होतं हे ती सांगणाऱ्यांना नक्की ठाऊक होतं.

लेखी पुरावा सोळाव्या शतकापासूनचा आहे. जॉन कीझ हे पहिल्या एलिझाबेथ राणीचे वैद्य. केंब्रिजच्या एका कॉलेजला आजही त्यांचं नाव आहे. इंग्लंडमधल्या कुत्र्यांवर त्यांनी लॅटिनमध्ये एक पुस्तक लिहिलं, त्याचं इंग्रजी रूप १५७६ साली निघालं. त्यात सळई फिरवणाऱ्या कुत्र्याचा उल्लेख आहे. स्वयंपाकघरातला कुठलाही गडी इतक्या हुशारीने हे काम करू शकणार नाही, अशी त्यांनी तारीफ केली आहे. पण वर्गवारी करताना या कुत्र्याला टाकलं मात्र सगळ्यात हलक्या, गावठी कुत्र्यांच्या गटात. शिकारी कुत्री उमरावांची, मांडीवरची कुत्री बायकांची, आणि हा मुदपाकखान्याचा. पुढे काय झालं त्याचं मूळ मला तरी या वर्गवारीतच दिसतं.

अठराव्या शतकात ही कुत्री ब्रिटनमध्ये सर्रास होती, अमेरिकेतल्या वसाहतींतही पोचली होती. बेंजामिन फ्रँकलिनच्या फिलाडेल्फियातल्या वर्तमानपत्रात त्यांच्या विक्रीच्या जाहिराती येत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ती क्वचित दिसू लागली आणि १९०० पर्यंत संपली. रोग नाही, युद्ध नाही. यंत्रं आली. वजनाच्या ओढीने फिरणारी, धुराड्यातल्या गरम हवेच्या झोताने फिरणारी, चावी दिली की फिरणारी. यंत्राला खायला घालावं लागत नाही आणि ते चुलीमागे लपत नाही. नंतर बिडाच्या बंद शेगड्या आल्या आणि उघड्या जाळासमोर मांस भाजण्याची पद्धतच मागे पडली. चाकाचा कुत्रा ठेवणं म्हणजे यंत्र परवडत नसल्याची खूण झाली.

पण काम तर इतर कुत्र्यांचंही गेलं. डॅशहुंड बिळात शिरून बिज्जू काढायला तयार केलेला, आज तो सोफ्यावर असतो आणि मजेत असतो. मग टर्नस्पिटच का गेला? मला वाटतं, वेळेने घात केला. इंग्लंडमधलं पहिलं कुत्र्यांचं प्रदर्शन न्यूकॅसलला १८५९ साली भरलं, तेही फक्त शिकारी पॉइंटर आणि सेटर यांचं. केनेल क्लब १८७३ साली स्थापन झाला. जात कशी असावी हे कागदावर उतरवणं, वंशावळ ठेवणं, आपल्या कुत्र्याचा अभिमान बाळगणं हे सगळं तेव्हा सुरू झालं आणि तोवर टर्नस्पिट जवळजवळ संपला होता. जो थोडा उरला होता त्याच्यासाठी नोंदवही उघडायला कुणी नव्हतं, कारण तो कुणाच्या हौसेचा कुत्रा कधीच नव्हता. तो स्वयंपाकघरातलं एक भांडं होता. भांडं फुटलं की नवं आणतात, त्याची वंशावळ कोण लिहितं?

ही जात पुन्हा तयार करता येईल का, असंही मला या विषयावर बोलताना लोक विचारतात. आखूड पायांची, लांब पाठीची, दोन रंगांच्या डोळ्यांची कुत्री निवडून चार-सहा पिढ्यांत तसं दिसणारं काहीतरी जमवता येईल. मी मात्र कुणालाही तसं करू नका म्हणेन. या ठेवणीच्या कुत्र्यांच्या मणक्याची चकती सरकते, मागचे पाय लुळे पडतात, आणि ते मालकाला समजावून सांगताना काय होतं ते मला माहीत आहे.

पाहायचंच असेल तर ॲबरगेव्हनीला व्हिस्की आहे, आणि इंग्लंडमध्ये विल्टशर परगण्यातल्या लॅकॉक गावी जॉर्ज इन नावाच्या जुन्या खाणावळीत चुलीपाशी कुत्र्याचं चाक अजून आहे. चाकाखाली उभं राहून मान वर करून बघा, त्या कुत्र्याला किती उंच उचलून ठेवत असतील ते लगेच कळेल.