१९९७ला विकलेले स्पीकर आज परत घ्यावेत का?

प्रश्न (पत्र थोडक्यात): मी ६६ वर्षांचा, वडोदऱ्यातल्या एका खासगी कंपनीतून निवृत्त. १९८५ साली कुवेतहून परतताना बोसचे ९०१ स्पीकर आणले होते. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात बारा वर्षं वाजले. दिवाळीच्या पहाटे अर्धा वाडा अंगणात येऊन बसायचा. १९९७मध्ये मुलीच्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी आणि होस्टेल यांसाठी ॲम्प्लिफायरसकट २४,००० रुपयांना विकले. ती चूक आजही सलते. आता मुंबईत एक जोडी मिळते आहे, १,४०,००० रुपयांना. विकणारे म्हणतात, ही गुंतवणूक आहे, भाव वाढतच जाणार. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतल्या पैशातून घ्यावेत असा विचार आहे. मुलगी विरोधात आहे. तुम्ही मला मुलीच्या जागी, तेव्हा स्पष्ट सांगा.

उत्तर:

काका, नमस्कार. मुलीच्या जागी म्हणालात, म्हणून आधी निकाल सांगते. तुम्हाला हे स्पीकर परवडतात. पण या किमतीला नकोत, आणि त्या योजनेतल्या पैशातून तर अजिबात नकोत.

पत्रातला सर्वांत जड शब्द ‘चूक’ हा आहे, म्हणून तिथूनच सुरू करते. १९९७चे २४,००० रुपये तुम्ही नुसते ठेवीत टाकले असते आणि सरासरी ८ टक्के व्याज धरलं, तर २८ वर्षांत त्यांचे २ लाख ७ हजारांच्या आसपास झाले असते. आज तशी जोडी १,४०,००० रुपयांना मिळते आहे. म्हणजे निव्वळ पैशाच्या हिशेबातही स्पीकर न विकणं हा फायद्याचा व्यवहार नव्हता. आणि तुम्ही तर ते पैसे ठेवीत टाकलेच नाहीत, मुलीच्या पहिल्या वर्षाला लावले. अठ्ठावीस वर्षं स्वतःच्या नावावर लिहून ठेवलेला हा तोटा खोडून टाका. तो झालेलाच नाही. हे आधी सांगण्याचं कारण असं, की मनातला जुना तोटा भरून काढायला निघालेला माणूस घासाघीस करत नाही. समोरचा सांगेल ती किंमत त्याला स्वस्तच वाटते.

आता तुमची शिल्लक. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १८ लाख, ८.२ टक्क्यांनी, म्हणजे दर तिमाहीला ३६,९०० रुपये. मुदत ठेवी ६ लाखांच्या, म्युच्युअल फंडांत २४ लाख, बचत खात्यात १ लाख ९० हजार. महिन्याला योजनेचे १२,३००, नोकरीच्या ईपीएस (कर्मचारी पेन्शन योजना) पेन्शनचे ३,२०० आणि ठेवींच्या व्याजाचे सुमारे ३,५०० मिळून १९,००० येतात. तुमचा आणि काकूंचा खर्च ३१,०००. वरचे १२,००० तुम्ही दर महिन्याला फंडातून काढता. वर्षाचे झाले १,४४,०००. स्पीकरची किंमत जवळपास तेवढीच आहे, म्हणून मी त्या आकड्यापाशी थांबले. तुमच्यासाठी ही जोडी म्हणजे वर्षभराची तूट. एकदा भरली तर घर डगमगणार नाही. फक्त ती कुठून भरायची हे नीट ठरवायला हवं.

योजनेतून ‘दीड लाख काढून घेतो’ असं तुम्ही लिहिलंय. तसं होत नाही. त्या खात्यातून थोडी रक्कम काढता येत नाही, काढायची तर सगळं खातं बंद करावं लागतं. तुमचं खातं उघडून १४ महिने झालेत. एक वर्ष झाल्यावर पण दोन वर्षांच्या आत बंद केलं, तर मुद्दलातून दीड टक्का कापतात. १८ लाखांवर ते होतात २७,००० रुपये. उरलेले पैसे पुन्हा भरायचे तर त्या दिवशी जो दर असेल तो पदरात. दीड लाखासाठी अठरा लाखांच्या खात्याला हात लावू नका.

दिवाळीनंतर तुमची २ लाखांची एक ठेव मुदत पुरी करते आहे. जो काही खर्च व्हायचा तो तिच्यातूनच.

‘गुंतवणूक’ हा विकणाऱ्याचा शब्द आहे, तो त्याच्याकडेच राहू द्या. स्पीकर व्याज देत नाही, भाडं देत नाही, आणि विकायला काढले तर गिऱ्हाईक मिळायला महिनोन्‌महिने लागू शकतात. एक गोष्ट मात्र खरी, की आयकर कायद्यात घरात वापरायची अशी वस्तू भांडवली मालमत्तेत धरत नाहीत, त्यामुळे पुढे नफ्यात विकली तरी भांडवली नफ्याचा कर लागत नाही. तोटा झाला तर तो मात्र दाखवता येत नाही. माझ्या वडिलांचा मर्फी रेडिओ माझ्याकडे आहे. त्याच्या दुरुस्तीवर त्याच्या किमतीच्या कित्येक पट पैसे मी घातले, आणि वहीत ते ‘खर्च’ या रकान्यात लिहिले. तिथे लिहिल्यावर मन स्वच्छ राहतं. मग भाव वाढला का, हे बघत बसावं लागत नाही, संध्याकाळी नुसता लावता येतो. तुमच्या स्पीकरचाही रकाना तोच असू द्या.

आता त्या स्पीकरकडे वळू. ९०१ हे काही साधे खोके नाहीत, आणि म्हणूनच १,४०,००० ही त्यांची पुरी किंमत नाही. १९६८पासून २०१६पर्यंत हे मॉडेल बनत होतं. एका खोक्यात साडेचार इंची नऊ ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे शंकू, त्यांतला एकच ऐकणाऱ्याकडे तोंड करून, बाकीचे आठ मागच्या भिंतीकडे. सभागृहात आपल्या कानावर येणारा बराचसा आवाज भिंतींवरून परतून आलेला असतो, हे धरून डॉ. अमर बोस यांनी ही रचना केली. जोडीचे मिळून अठरा ड्रायव्हर झाले.

तुम्ही आणलेत त्या काळातल्या ९०१च्या ड्रायव्हरांच्या कडेला फोमची वळी असायची. त्या काळी असा फोम अनेक कंपन्या वापरत. तो पंधरा-वीस वर्षांत आपोआप कुजतो, वाजवा किंवा झाकून ठेवा. मुंबईची दमट हवा त्याला आणखी घाई करते. बघायला जाल तेव्हा पुढची जाळी काढून बघून समाधान मानू नका, तिथे एकच ड्रायव्हर दिसतो. मागची जाळी काढायला सांगा. कागदाच्या शंकूच्या कडेला जी वळी असते ती बोटाच्या टोकाने अगदी हलके दाबा. चांगला फोम दबतो आणि परत येतो. कुजलेला बोटाला काळा, चिकट लागतो, नाहीतर शिळ्या नानकटाईसारखा भुगा होऊन गळतो. ‘फोम बदललाय’ असं सांगितलं तर कधी आणि कोणाकडून, ते विचारा. अठराही बदललेत की फक्त दिसणारे दोन, हेही विचारा. हे काम हाताचं आणि वेळखाऊ असतं. जुना गोंद खरवडायचा, शंकू हलवणारी तारेची कॉइल बरोबर मध्यावर बसवायची, मग नवी वळी चिकटवायची. जरा तिरकी बसली तर कॉइल घासते आणि गाणाऱ्याच्या आवाजाला खरखर येते.

शिवाय खोक्यातले नऊ ड्रायव्हर एकामागोमाग एक जोडलेले असतात. प्रत्येकाचा विजेला होणारा रोध जेमतेम एक ओहम, नऊ मिळून आठ. एकाची कॉइल तुटली तर अख्खा खोका गप्प होतो. बाजारातला चार किंवा आठ ओहमचा ड्रायव्हर तिथे बसवून भागत नाही.

तिसरी वस्तू इक्वलायझर, म्हणजे खालचे-वरचे सूर कमी-जास्त करणारं वेगळं यंत्र. ९०१ त्यांच्या स्वतःच्या इक्वलायझरशिवाय वाजवूच नयेत. खालचा घुमार आणि वरची चमक त्यानेच येते, तो नसेल तर आवाज डब्यातून आल्यासारखा लागतो. तो चालू आहे का हे डोळ्यांसमोर बघा. अमेरिकेतून आलेला असेल तर ११० व्होल्टचा असू शकतो. आणि तो जोडायला ॲम्प्लिफायरला मागे ‘टेप मॉनिटर’ची, म्हणजे बाहेरचं यंत्र मध्ये जोडायची, सोय लागते. तुमच्या जुन्या ॲम्प्लिफायरला ती होती. आज मिळणाऱ्या छोट्या ब्लूटूथ ॲम्प्लिफायरना बहुतेक नसते.

म्हणून बेरीज अशी मांडा. जोडी १,४०,०००. एका ड्रायव्हरच्या फोमला ७०० धरले तर अठरांचे १२,६००. टेप मॉनिटर असलेला जुना, चालू ॲम्प्लिफायर, माझ्या अंदाजाने २८,०००. मुंबईहून नीट बांधून आणायचे ४,०००. एकूण १,८४,६००. दिवाळीची ठेव जवळपास सगळी संपली. त्या रकमेवर ७ टक्क्यांनी महिन्याला हजारभर रुपये व्याज येतं तेही गेलं, आणि तुमची महिन्याची तूट १२,००० वरून १३,००० वर गेली. हे मला मान्य नाही.

माझ्या मते सगळं मिळून खर्चाची मर्यादा १,२०,००० असावी. उलटं मोजत आलात तर जोडीला ७५,०००च्या आसपास किंमत निघते, आणि तीसुद्धा इक्वलायझर चालू असेल, नऊच्या नऊ ड्रायव्हर दोन्हीकडे वाजत असतील तरच. फोम आधीच नीट बदललेला असेल तर तेवढे बारा हजार वर द्या. विकणारा खाली आला नाही तर नमस्कार करून परत या. वीस हजार ‘टोकन’ आधी पाठवा असं तो म्हणतोय ना, ते पाठवू नका. ऐकल्याशिवाय, जाळ्या उघडल्याशिवाय एक रुपयाही नाही.

आणि या सगळ्याच्या आधी घराचा विमा. तुम्ही आता कारेलीबागेत तळमजल्यावर राहता. २०२४च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीचं पाणी हॉलमध्ये अडीच फूट चढलं आणि खालच्या कप्प्यातल्या सगळ्या कॅसेट गेल्या, असं तुम्हीच लिहिलंय. तरी यादीत घराचा विमा नाही, हे वाचून मला वाईट वाटलं. १ एप्रिल २०२१पासून ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्या देतात. पूर त्यात धरलेला असतो, आणि इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरातलं सामान वेगळं न मागता धरतात. दिवाळीची ठेव मोडेल तेव्हा पहिला चेक त्याचा. स्पीकर आले तर बिल किंवा पावती आणि फोटो जपून ठेवा, आणि पावसाळ्यात त्यांना उचलून ठेवायची जागा आजच बघून ठेवा.

दुसरा छोटा खर्च कानांचा. साठीनंतर वरचे सूर हळूहळू कमी ऐकू येऊ लागतात, आणि ते माणसाला कळतही नाही. एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. अहवालात काही निघालंच, तर पैसे कानांवर आधी लागतील, आणि त्यात तुमच्या संगीताचाच फायदा आहे.

एक गोष्ट मला पत्र वाचताना थांबवून गेली. वाड्याच्या ओसरीतली जाड भिंत, चुन्याचा गिलावा, त्या भिंतीपासून हातभर पुढे ठेवलेले स्पीकर आणि समोर अंगण, हे तुम्ही ज्या बारकाईनं लिहिलंय ते मी दोनदा वाचलं. नऊपैकी आठ ड्रायव्हर त्या भिंतीशी बोलत होते, काका. तुमच्या कानात जो आवाज राहिलाय त्याचा मोठा हिस्सा त्या भिंतीचा होता, आणि वाडा २००९ साली विकला गेला. आताच्या हॉलमध्ये एका बाजूला सरकती खिडकी, दुसऱ्या बाजूला कपाट. खिडकीच्या पडद्यावर आदळून तो आवाज परत येणार नाही. मुंबईच्या त्या माणसाकडे खोके आहेत, ओसरी नाही. हे मी तुम्हाला नाउमेद करायला सांगत नाही. वडोदऱ्यात मोठी झालेली कुठलीही मराठी मुलगी दिवाळीच्या पहाटेचा वाडा विसरत नाही, मीही नाही. पण तो आवाज परत येईल या भरवशावर पावणेदोन लाखांहून जास्त देऊ नका. नव्या घरात हे स्पीकर कसे वाजतील तेवढ्यापुरतेच पैसे मोजा.

म्हणून मुंबईची तिकिटं काढण्याआधी टेप घेऊन हॉल मोजा. मागे घट्ट, मोकळी भिंत हवी, दहा-बारा फूट रुंद, आणि स्पीकर तिच्यापासून साधारण फूटभर पुढे. म्हणजे कपाट तिथून हलवावं लागेल, आणि त्या कपाटाबद्दल काकूंचं मत तुम्ही पत्रात कुठेच लिहिलेलं नाही. आधी ते विचारा. त्या हो म्हणाल्या तर मुलीलाही मुंबईला बोलवा, पुण्याहून तिला जवळ पडेल, आणि फोनमध्ये तुमच्या पाठ असलेल्या चार बंदिशी भरून न्या. ऐकून झाल्यावर दोन्ही खोक्यांच्या मागच्या जाळ्या काढून काढलेले फोटो मला पाठवा. किमतीचं त्यानंतर बोलू.