पहिली मीटिंग शोधताना

मित्रा, दारू सोडायला पहिली मीटिंग शोधतोयस, पण आधी तब्येतीचं बघ. रोज पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली की हात थरथरतात, भास होतात, कधी फिटही येते. म्हणून डॉक्टरांना भेटच.

मग अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या, हेल्पलाइनवर फोन करून तुझा भाग आणि भाषा सांग. एए म्हणजे दारू सोडण्यासाठी एकमेकांना साथ देणाऱ्यांची संघटना. मीटिंगा बहुतेक संध्याकाळी असतात, शाळेच्या वर्गात नाहीतर चर्चच्या खोलीत. चर्च बघून बिचकू नकोस, ती फक्त जागा आहे. निघण्याआधी वेळ आणि पत्ता पुन्हा विचारून घे. बंद दारावरून परत फिरलेला आपल्यासारखा माणूस कुठे वळतो, हे तुला सांगायला नको. ‘ओपन’ मीटिंगला वहिनींनाही नेता येईल. ‘क्लोज्ड’ फक्त दारू सोडायची इच्छा असलेल्यांसाठी. घरच्यांसाठी अल-ॲनॉन नावाचे वेगळे गट आहेत, तेही त्यांना सांग.

फी नाही, आडनाव विचारत नाहीत. बोलायचं नसेल तर नुसतं ऐक. ओळखीचं कुणी भेटेल अशी धास्ती वाटते? मग दोन स्टेशनं पुढची मीटिंग गाठ. एक ग्रुप रुचला नाही तर दुसरा बघ. मध्येच प्यायलास तरीही ये, कुणी हाकलणार नाही.

आणि निघताना तिथल्या एखाद्या जुन्या सदस्याचा नंबर घे. 1935 मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन गावी दोन दारुडे एकमेकांशी बोलले, त्यातूनच एए उभी राहिली. रात्री तलफ आली की पहिल्या घोटाआधी फोन लाव. त्याची झोपमोड होईल याचा विचार करू नकोस. तुझ्याशी बोलून त्याचीही रात्र सुकी जाते.