फेरीतली प्रार्थना

अगं, प्रार्थना सुरू केल्यावर पहिल्याच आठवड्यात मन शांत झालं नाही म्हणून खट्टू होऊ नकोस. ऑफिसातला अपमान गिळून मी घरी यायचे आणि देवासमोर मात्र शहाण्यासारखं नुसतं 'धन्यवाद' म्हणायचे. मग बायबलमधलं स्तोत्र 13 हाती लागलं. सहाच वचनं, पण पहिल्या दोनांत 'कुठवर?' हा प्रश्न चार वेळा! तक्रारीलाही प्रार्थनेत जागा आहे हे तेव्हा कळलं, आणि खरं सांगते, मी ढसाढसा रडले.

तू रोज चोडणहून रायबंदरला फेरीबोटीने येतेस ना? तेवढा वेळ मोबाईल पिशवीत ठेव. इंजिनची घरघर चालू दे. कोणाचं बोलणं टोचलं, कशाची धास्ती वाटते, ते नावानिशी येशूला सांग. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात, चौथ्या अध्यायात, येशू भर वादळात होडीत उशीवर झोपलाय. शिष्य 'आम्ही बुडतोय, तुला काहीच कसं वाटत नाही?' म्हणत त्याला उठवतात. तो आधी वारा शांत करतो, त्यांना बोलतो ते नंतर. हे मांडवी नदीच्या पाण्यावर वाचून बघ.

झोपच उडाली असेल तर डॉक्टरांकडेही जा, त्याने श्रद्धा उणी होत नाही. आणि रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर लगेच पळू नकोस, माझ्या बाकावर ये.