१९ व्या शतकातील नेदरलँड्समधील शेतमजूर पणजोबांचे फक्त नाव माहीत आहे. त्यांचे आयुष्य कसे शोधावे?

सुरुवात त्यांच्या लग्नाच्या नोंदीपासून करावी आणि तिच्यासोबत जोडलेली कागदपत्रे अवश्य मिळवावीत, कारण सामान्य माणसाविषयी इतकी माहिती एकत्र अन्यत्र क्वचितच सापडते. फ्रेंच राजवटीत, 1811 पर्यंत, देशभर जन्म, विवाह व मृत्यू यांची सरकारी नोंदणी सुरू झाली. विवाहासाठी वधूवरांना जन्मदाखला, आईवडील हयात नसल्यास त्यांचे मृत्यूदाखले आणि वराला लष्करभरतीचा दाखला द्यावा लागे. या शेवटच्या दाखल्यात अनेकदा उंची, डोळ्यांचा व केसांचा रंग, नाकाची ठेवणही लिहिलेली असते, म्हणजे ज्यांचे छायाचित्र कधीच निघाले नाही त्यांचा चेहरा थोडाफार कळतो. विवाहाचे शुल्क परवडत नसल्यास दिलेला गरिबीचा दाखलाही याच कागदपत्रांत सापडतो, तर सही न करणाऱ्याला लिहिता येत नसल्याची नोंद मूळ विवाहपत्रात असते. नाव ‘ओपन आर्किव्हन’ किंवा ‘वी वास वी’ या संकेतस्थळांवर शोधता येते, पण केवळ सूची पाहून थांबू नये, मूळ पानाची प्रतिमा वाचावी. त्यानंतर 1850 च्या सुमारास सुरू झालेल्या लोकसंख्या नोंदवह्या पाहाव्यात. त्यांत धर्म, व्यवसाय, घरातील माणसे आणि स्थलांतर यांची नोंद असते, त्यामुळे कामासाठी गावोगाव फिरलेल्या मजुराचा माग काढता येतो. मात्र 1811 पूर्वीच्या पिढ्यांसाठी बहुतेक ठिकाणी चर्चच्या बाप्तिस्मा व विवाह नोंदींवरच विसंबावे लागते, आणि त्या काळी अनेकांना, विशेषतः उत्तरेकडील प्रांतांत, कायम आडनाव नसून वडिलांच्या नावावरून ओळखले जाई.