छत्र्यांवरची स्थळं आणि पिवळ्या जॅकेटातले स्वार

प्रश्न: मी शांघायमध्ये विद्यार्थी व्हिसावर शिकते. पीपल्स पार्कमधल्या लग्नाच्या बाजाराचे फोटो काढायला गेले की मुलामुलींसाठी स्थळं शोधायला आलेले आईवडील हात आडवा धरतात. एकीने तर फोटो डिलीट करायला लावला. काय चुकतंय? – वाचक, शांघाय

उत्तर: त्या माउलीचं बरोबर होतं. शनिवार-रविवारी दुपारी तिथे उघड्या छत्र्या जमिनीवर मांडून त्यांवर कागद लावलेले असतात: जन्मसाल, उंची, शिक्षण, पगार, फ्लॅट, हुकोऊ (कुटुंबनोंदणी) आणि पुष्कळदा फोन नंबरही. आईबाप आपल्याला बाजारात मांडतायत, याचा अनेक मुलामुलींना पत्ता नसतो. फोटो मोबाइलवर फिरला की घरात भांडण पेटतं, म्हणून तो आडवा हात.

पहिल्या खेपेला कॅमेरा पिशवीतच ठेवा. बाकावर बसा, बोला. मग आधी विचारून काढा: हातांचे, पाठमोरे, छत्र्यांच्या रांगेचे. गुडघ्याच्या उंचीवरून घेतलं तर छत्र्या पुढे येतात आणि चेहरे आपोआप फ्रेमबाहेर राहतात. काढलेला फोटो तिथेच दाखवा, 'नको' म्हटलं तर त्यांच्यासमोर पुसा.

मोठा घोटाळा कागदांचा. ३५ मिमी लेन्स एफ/८ वर (म्हणजे छिद्र लहान) असेल तर मागची अक्षरंसुद्धा वाचता येतात, आणि २४ मेगापिक्सेलच्या फाइलमध्ये नंबर सहज दिसतो. कुठेही टाकण्याआधी १०० टक्के मोठं करून प्रत्येक कागद तपासा.

'सार्वजनिक जागा आहे, मग हरकत काय' हे चीनमध्ये चालत नाही. १ जानेवारी २०२१ पासून लागू असलेल्या नागरी संहितेच्या कलम १०१९ नुसार संमतीशिवाय कुणाचं छायाचित्र काढणं, वापरणं वा प्रसिद्ध करणं मना आहे. कलम १०२० मधले अपवाद मोजके, त्यांतले इथे लागू पडतील असे दोन: बातमीसाठी टाळता न येणारं चित्रण, किंवा एखादी सार्वजनिक जागा दाखवताना अपरिहार्यपणे आलेली माणसं. पहिल्याच्या भरवशावर राहू नका. परदेशी पत्रकाराला वेगळा जे व्हिसा लागतो, विद्यार्थी व्हिसावर वृत्तपत्रासाठी काम करू नका.

फोटोखालची ओळ लिहिताना हुकोऊ समजावून सांगाच. १९५८ पासूनची ही कुटुंबनोंदणी माणसाला एका गावाशी वा शहराशी बांधते, आणि मुलांची शाळा, पुढची प्रवेशपरीक्षा अशा गोष्टी तिच्यावर अडतात. शांघायचा हुकोऊ कागदावर का मिरवला जातो, हे कळलं नाही तर वाचकाला नुसत्या रंगीत छत्र्याच दिसतील.

प्रश्न: शेन्झेनमध्ये रात्री मेइत्वान या जेवण पोचवणाऱ्या अ‍ॅपचे पिवळ्या जॅकेटातले डिलिव्हरीवाले टिपतो. स्कूटर फराटा होते, शटरचा वेग वाढवला तर पाट्यांवर काळे पट्टे येतात. – वाचक, ठाणे (सध्या शेन्झेन)

उत्तर: धावत्या स्कूटरला १/५०० सेकंदाचं शटर लागतं, आणि रात्री तेवढा उजेड नसतो. त्यामुळे तिच्यामागे पळू नका. दुपारच्या जेवणाच्या वेळी, साधारण सकाळी ११ ते दुपारी १, हे लोक हॉटेलांच्या दाराशी ऑर्डरची वाट बघत उभे असतात. हेल्मेट डोक्यावर, नजर मोबाइलवर, अ‍ॅपवर उलटी धावणारी वेळ. कामाचा सगळा ताण त्या उभ्या माणसात दिसतो. ३५ मिमी (फुल फ्रेम), एफ/८, फोकस ३ मीटरवर कायम ठेवला तर अंदाजे १.९ ते ७ मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं.

पट्टे येतात ते दिव्यांच्या लुकलुकण्यामुळे. वीज ५० हर्ट्झ, म्हणून साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. १/५० किंवा १/१०० ठेवा, मेकॅनिकल शटर वापरा. एलईडी पाट्यांची गती वेगळी असते, त्यांना मात्र चाचणीचे दोन-तीन फोटो काढूनच शटर ठरवा.

प्रश्न: सामाजिक विषयावर कुणाचं काम बघावं? – वाचक, बीड

उत्तर: चिनी छायाचित्रकार हौ देंगके यांचं. गान्सू-निंग्शिया या भागांतून विळे घेऊन शाआन्शी (Shaanxi) प्रांतात गहू कापायला येणाऱ्या मजुरांचे फोटो ते अनेक वर्षं काढत राहिले. ऊसतोडीच्या टोळ्या तुम्ही पाहिल्याच असतील, त्यामुळे ते फोटो तुम्हाला लगेच वाचता येतील. पुढे हार्वेस्टर आले आणि विळेवाल्यांचं काम सुटत गेलं. एकाच विषयाला इतकी वर्षं देण्याचा फायदा हाच: काम येतानाही दिसतं, जातानाही.